वहिनींचं कोपर

मला दुसऱ्याची वाक्यं पुरी करायची सवय आहे. समोरचा माणूस बोलायला लागला की तो कुठे जाणार हे मला आधीच कळतं, निदान कळलं असं वाटतं, आणि तो पोचायच्या आत मी तिथे जाऊन बसलेली असते. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलताना फक्त सुरुवात करायची, पुढचं तू बघून घेतेस. अशा बाईला कंपनीने ऐकून घेण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. यात कुणाचा तरी खोडसाळपणा होता असा माझा संशय अजून गेलेला नाही.

मी नोएडातल्या एका स्टुडिओत मराठी डबिंगचं काम बघते. लहान मुलांच्या कार्टून मालिका आमच्याकडे येतात आणि हिंदी, बंगाली, तमिळ अशा बऱ्याच भाषा बोलून बाहेर पडतात. त्यातली मराठी माझ्याकडे. पुण्याची बहीण विचारते, तिकडे दिल्लीत मराठी आवाज कुठून आणतेस गं? जसं काही मी वाळवंटात कमळं शोधतेय. दिल्लीत मराठी माणसं चिक्कार आहेत. एरवी हिंदीत मिसळून गेलेली असतात आणि गणपती आले की एकदम वर येतात. माझी सगळी माणसं मला तिथेच सापडली.

काका सापडले ते गणपती मंडळाच्या नाटकात. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले, करोल बागेत राहणारे, एकटे. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. नाटकात ते सासरे झाले होते आणि त्यांच्या खर्जाने मांडवातला कर्णा दणाणत होता. त्यांना मी अस्वल केलं. आमच्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या मालिकेतलं म्हातारं अस्वल, सगळ्या जंगलाचे आजोबा. नोएडात ते मेट्रोने यायचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जसे मंत्रालयात जात असतील तसे.

वहिनी सापडल्या मंडळाच्याच हळदीकुंकवाला. त्या साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. नवरा फौजेत सुभेदार, राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये. तिथल्या शेजारणीची नक्कल करून त्या बायकांना हसवत होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना माईकपुढे उभं केलं. जंगलातल्या सगळ्या भांडकुदळ बायका आणि एक बदक त्यांच्या वाट्याला आलं आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. तिसरी एक मुलगी. जन्म दिल्लीतला, शिक्षण दिल्लीतलं. मराठी घरात शिकलेली, त्यामुळे अडायची. ‘कुंपण’ आलं की थांबून विचारायची, “ताई, कुंपण म्हणजे क्या?” पण आवाज असा की अस्वलाचं पिल्लू तिच्याशिवाय कुणी करूच नये. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिस्ट, हरियाणाचा, मराठीचा गंध नाही, पण माणूस मनमिळाऊ. एवढंच आमचं बिऱ्हाड.

आमची पद्धत जुनी होती. एका खोलीत एक माईक, त्याच्याभोवती तिघं अर्धगोलात उभी. समोर पडद्यावर चित्र चालायचं, मूळ आवाज हेडफोनमध्ये यायचा आणि ज्याचं वाक्य येईल त्याने अर्धं पाऊल पुढे टाकायचं. काका हेडफोन गळ्यात अडकवून ठेवायचे. कान गरम होतात म्हणायचे. वहिनी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहायच्या आणि काकांचं वाक्य आलं की त्यांचं कोपर काकांना हळूच लागायचं. मी हे काचेतून रोज बघत होते. वहिनींना हालचाल केल्याशिवाय बोलताच येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता आणि तो विषय माझ्यापुरता संपवला होता.

मग नवी व्यवस्था आली. मोठी खोली मोडून छोटे छोटे बूथ करायचे ठरले. एका बूथमध्ये एकच माणूस, कानाला हेडफोन, आणि हेडफोनमध्ये तीन बारीक टिकटिका वाजल्या की आपलं वाक्य बोलायचं. बाकीच्यांचे आवाज नंतर जुळवायचे. सगळ्या भाषांना हाच नियम. आमचे साहेब म्हणजे कानपूरचे एक घाईत असणारे पण सज्जन गृहस्थ. बदल म्हटला की लोक कुरकुरणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत अशा आम्हा चौघांपाचजणांची रवानगी गुरुग्रामला झाली.

प्रशिक्षण देणारा मुलगा सारखा हसत होता. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान हलवा, मध्ये बोलू नका, आणि तो थांबला की त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा. ‘तर तुम्हाला असं म्हणायचंय की,’ अशी सुरुवात करा. याने माणूस मोकळा होतो म्हणे. मी मनात म्हटलं, बाळा, तू मराठी घरात जेवलेला दिसत नाहीस. आमच्याकडे ही भांडणाची नांदी असते.

तरी घरी प्रयोग करून पाहिला. नवरा जेवताना म्हणाला, आमटीत गूळ जरा कमी आहे. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, मान हलवली आणि म्हटलं, “म्हणजे तुला असं म्हणायचंय की आमटीत गूळ कमी आहे?”

त्याने हातातला घास खाली ठेवला. “नाही गं, छान झालीये. मी सहज बोललो,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने दोनदा आमटी मागून घेतली.

स्टुडिओत मी एकेकाला चहाला नेऊन ऐकायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, “ताई, अकेले में नाही होत यार. समोर कोणी नसलं की एक्स्प्रेशनच येत नाही.” हीच मुलगी वर्षभर माझ्यामागे लागली होती की मला वेगळा माईक द्या, वहिनींच्या बांगड्या वाजतात. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं, मान हलवली आणि तिचंच म्हणणं तिला परत सांगितलं. “हां, बिल्कुल,” ती म्हणाली. मग मी तिच्या बूथमध्ये पलीकडचा माणूस दिसेल अशी सोय करून देते म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, छोट्या बूथमध्ये एसीने घसा बसतो.

वहिनींचं म्हणणं, “त्या डबीत जीव घुसमटतो, ताई.” पदरी दोन लहान पोरं आणि लोखंडी ट्रंक घेऊन गावाकडून दिल्लीपर्यंत गर्दीच्या डब्यात दरवाजाशी बसून आलेली ही बाई. तिचा जीव गार हवेच्या बूथमध्ये घुसमटतो, यावर माझा विश्वास बसेना. मी बूथच्या दाराला मोठी काच लावून घेतली. मग त्या म्हणाल्या, काचेतून लोक बघतात. रेकॉर्डिस्टची तक्रार अशी की नवे माईक बेकार आहेत. नव्या माईकसाठी साहेबांचं डोकं त्यानेच खाल्लं होतं. मी ऐकत होते, मान हलवत होते, एकेक अडचण दूर करत होते. एक मिटली की दुसरी हजर. असल्या ऐकण्याने मला रोज संध्याकाळी डोकेदुखी व्हायला लागली.

एक काका तेवढे शहाणे निघाले. मी नवी व्यवस्था समजावून सांगत होते तेव्हा ते टक लावून माझ्याकडे बघत होते. मध्ये शब्द नाही. योग्य जागी मान हलवत होते. माझं झाल्यावर हसून म्हणाले, “अहो ताई, नवं ते नवं. उद्यापासून म्हणाल तर उद्यापासून.” गुरुग्रामच्या त्या मुलाने काकांपुढे बसून शिकावं, असं मला वाटलं. आणि ते काही नवीन नव्हतं. दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांची गाऱ्हाणी काकांच्या पोटात होती. सुनेचं, सासूचं, बढती हुकल्याचं, जो तो त्यांच्यापाशी येऊन बोलायचा. माझी मुलगी आमच्याशी भांडून बंगळूरला निघून गेली तेव्हा मीही स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसून त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी एक शब्दही न बोलता शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला खूप बरं वाटलं होतं.

म्हणून मी बाकीच्यांना काकांचाच दाखला द्यायला लागले. “काकांकडे बघा जरा. या वयात तयार आहेत, आणि तुमचे नखरे संपत नाहीत.” हे म्हटलं की मुलगी पाण्याची बाटली शोधायला लागायची आणि वहिनी फरशीकडे बघायच्या. मी समजले, लाजल्या.

मग साहेबांनी मला बोलावून घेतलं. बाकी सगळ्या भाषा नव्या बूथमध्ये गेल्या होत्या, मराठी तेवढी अडून बसली होती. या महिन्यात जमलं नाही तर मराठीचं काम मुंबईला पाठवू, म्हणाले. तिथे मराठी आवाजांना काय तोटा? ते रागावले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. खाली येऊन मी सगळी शिकवणी विसरले. वहिनी आणि मुलगी दोघींना समोर उभं करून झाडलं. तुमच्या हट्टापायी आपलं सगळ्यांचं काम जाईल, काकांचं अस्वलसुद्धा जाईल, आणि त्यांनी तर तुमच्यासारखी एक तक्रार केलेली नाही. वहिनींचे डोळे भरून आले. एरवी बदकाच्या आवाजात मला उलट उत्तर देणारी बाई पदराने डोळे टिपत माईककडे वळली.

पुढे जे झालं त्याचं श्रेय माझ्या दाढेला आहे.

ती बरेच दिवस ठणकत होती. शेवटी एका सकाळी मी ती काढून घेतली आणि तशीच कामावर आले. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल बधिर, आणि डॉक्टरांची ताकीद की दुपारपर्यंत बोलायचं नाही. कॅन्टीनमध्ये वहिनी एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले. खाता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. मान हलवली तरी दुखत होतं. मी नुसती बसून राहिले.

वहिनींनी चपातीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही तोफ कधी जवळून ऐकलीय?”

मी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

“आमचे हे तोफखान्यात. सगळी उमर तोफेजवळ गेली. आता मागून हाक मारली तर येत नाही त्यांना ऐकू. आमच्या लाइनीत असे बरेच आहेत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण यांना चारचौघांत लाज वाटायची. मी जोरात बोलले की चिडायचे. लोकांपुढे ओरडू नकोस म्हणायचे. मग मी कोपर लावायला लागले. शेजारी बसायचं, कुणी त्यांच्याशी बोलायला लागलं की हळूच कोपर लावायचं. ते बघतात मग त्या माणसाच्या तोंडाकडे. तोंड बघून सगळं समजतं त्यांना. लोकांना काय, वाटतं नवराबायको खेटून बसलीत.”

त्या थोडं हसल्या आणि थांबल्या. ही माझी नेहमीची जागा. इथे मी म्हणणार, माझ्या सासऱ्यांचंही अगदी असंच होतं, आणि मग सासऱ्यांची गोष्ट सुरू होणार, ती संपेपर्यंत जेवणाची सुट्टी संपणार. पण तोंडात बोळा होता. मी वहिनींकडे बघत राहिले, वहिनी माझ्याकडे. त्या काहीतरी थोपवून धरताहेत हे मला दिसत होतं. त्यांचं उजवं कोपर टेबलावर टेकलेलं होतं. माझी नजर त्यावर गेली आणि तिथेच थांबली.

कापसातून मी कसंबसं विचारलं, “काका?”

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. “मी काही बोलले नाही हां, ताई. मी आमच्या ह्यांचं सांगत होते.”

मग एकेक गोष्ट जुळत गेली. गळ्यातला हेडफोन. एकट्याच्या बूथमध्ये शेजारी कुणी नाही, आणि त्या तीन टिकटिका इतक्या बारीक की धडधाकट कानालाही लक्ष देऊन ऐकाव्या लागतात. काका पहिल्याच दिवशी त्या काचेमागे उभे राहून वाट बघत बसले असते आणि सगळ्यांना कळलं असतं. तो दिवस पुढे ढकलण्यासाठी ही तिघं मिळेल ते कारण सांगत होती. घसा, काच, माईक. नखरेल म्हणवून घेत होती, माझी बोलणी खात होती, पण काकांचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. मला त्या तिघांविषयी इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती. रागही आला, नाही असं नाही. मला का नाही सांगितलं? मग माझा स्वभाव माझा मलाच आठवला. मला अर्धं कळलं असतं तरी संध्याकाळपर्यंत मी कानाचं मशीन मागवून, काकांना ते घालून, साऱ्या स्टुडिओला पेढे वाटले असते.

रविवारी सकाळी मी करोल बागेत गेले. गाड्यांच्या सामानाच्या दुकानांच्या मागे एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर काकांचं घर. त्यांनी चहा केला, खारी दिली. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले आणि सावकाश विचारलं, “काका, त्या तीन टिकटिका तुम्हाला ऐकू येतात का?”

त्यांनी कप बशीत ठेवला. “नाही,” ते म्हणाले. “वहिनी बोलल्या?”

“नाही. त्या त्यांच्या नवऱ्याविषयी बोलल्या.”

काका मोठ्याने हसले. “मोठी गुणी बाई आहे.” मग खिडकीकडे बघत राहिले, आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की ते असे तोंड फिरवून बसतात तेव्हा आपण बोलून उपयोग नसतो. ते वळेपर्यंत मी थांबले.

“हिने मशीन लावलं होतं,” ते म्हणाले. ही म्हणजे काकू. “शेवटची काही वर्षं. लोक आधी मोठ्याने बोलायला लागले. मग थोडक्यात बोलायला लागले. मग मला विचारायला लागले, काकूंना चहा चालेल का? ही समोर बसलेली असायची. हिच्या मैत्रिणी आपली सुखदुःखं हिला सांगायच्या, ते बंद झालं. कोण सारखं दोनदा सांगणार? मला ऐकू येत नाही, ते चालतंय, ताई. लोकांनी सांगायचं बंद केलं तर मी काय करू या घरात? आणि ते अस्वल जर...”

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुढचे शब्द मला माहीत होते. मी ते उच्चारले नाहीत. काका ते कधीतरी पुरं करतील म्हणून मी चहा निवेपर्यंत बसून राहिले, पण त्यांनीही ते केलं नाही.

निघताना मला राहवलं नाही. “काका, मी तुम्हाला पायऱ्यांवर बसून माझ्या मुलीचं सांगितलं होतं, ते?”

“थोडे शब्द आले,” ते म्हणाले. “बाकीचं तुमच्या चेहऱ्यावर होतं.”

साहेबांना काय सांगायचं हे मी काकांनाच विचारलं. खरं ते सांगा म्हणाले, फक्त माझ्याशी मोठ्याने बोलू नका म्हणावं. सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले तेव्हा लढाईची पूर्ण तयारी करून गेले होते. साहेबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. तेही गुरुग्रामला जाऊन आले असावेत. मग म्हणाले, “तो पहले बोलना था ना, मॅडम. एक बत्ती की बात है.” आठवड्याभरात सगळ्या बूथमध्ये माईकच्या वर छोटा लाल दिवा बसला. टिकटिकांऐवजी दिवा लागला की बोलायचं. वहिनींचा जीव घुसमटायचा थांबला, मुलीचा घसा सुटला आणि नवे माईक एकदम चांगले झाले.

कानाच्या मशीनचा विषय मी काढला नाही. काकांनी ते स्वतःच्या वेळेने आणलं. एक दिवस आले तर कानामागे कातडीच्या रंगाचं काहीतरी होतं. कुणी काही म्हटलं नाही. मुलगी मात्र नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच घाईत त्यांना आपल्या एका मित्राचं लांबलचक रडगाणं सांगायला बसली, एकही वाक्य थोडक्यात न करता. मला तिची पाठ थोपटावीशी वाटली. काका सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणाले, “बेटा, एक सांगू? वहिनींच्या बांगड्यांचा खरंच फार आवाज होतो.”

त्या दिवशी अस्वल पहिल्यांदा नव्या बूथमध्ये गेलं. दिवा लागला. काका गप्प. पुन्हा लावला. तरी गप्प. मी इकडून बटण दाबून विचारलं, दिवा दिसला का? दिसला म्हणाले. मूळ आवाज आला? तोही आला. मग काय झालं?

काका काचेतून माझ्याकडे बघून ओशाळं हसले. “वहिनींना जरा पाठवता का?”

वहिनी त्या एका माणसाच्या बूथमध्ये अंग चोरून उभ्या राहिल्या. दिवा लागला, कोपर लागलं आणि अस्वल बोललं. साहेबांच्या नव्या व्यवस्थेत आमच्यापुरता हा एक अपवाद राहिला. साहेब कधी आले तर मी त्यांना दुसऱ्या बाजूने न्यायची.

गेल्या वर्षी सुभेदारसाहेबांची बदली झाली. फौजेतल्या माणसाचं घर असंच उठतं. वहिनी मुलांना घेऊन गावी जाणार होत्या. शेवटच्या दिवशी मुलगी त्यांच्या गळ्यात पडून रडली. काकांनी त्यांना साडी दिली. मी बदकासाठी दुसरी बाई शोधली होती. पण बूथमध्ये काकांच्या शेजारी कोण उभं राहणार, याचा निकाल वहिनींनी स्वतःच लावला. मला बाजूला घेऊन त्यांनी माझं कोपर धरलं आणि दंडावर कुठे लावायचं ते दाखवलं. “जोरात नाही, ताई. नुसतं लावायचं. आणि घाई करू नका.”

पुढच्या आठवड्यात मी काकांच्या डाव्या हाताला उभी होते. बूथ खरंच लहान होता, त्यात जीव घुसमटायचा हे काही अगदीच खोटं नव्हतं. प्रसंग असा होता की पिल्लू रुसून घर सोडून गेलेलं असतं, परत येऊन आजोबांना सगळं सांगतं. मुलीने तिची वाक्यं आदल्या दिवशी बोलून ठेवली होती. ती हेडफोनमध्ये ऐकू यायला लागली. मी कसून लक्ष देत होते. पिल्लू बोलता बोलता थांबलं. दिवा अजून लागायचा होता, पण मला कळलंच होतं आता अस्वलाची पाळी. मी कोपर लावलं.

काका बोलले नाहीत. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता माझ्या हातावर हात ठेवला.

“थांबा, ताई,” ते हळूच म्हणाले. “त्याचं अजून संपलं नाहीये.”

आणि खरंच, एका हुंदक्यानंतर पिल्लू पुन्हा बोलायला लागलं.